थ्रेड : फी आणि पेन्शन, एकाच हिशेबाच्या दोन बाजू

आजच्या थ्रेडमध्ये ना लढाई आहे, ना किल्ला. आज शासन निर्णयांचा, म्हणजे ज्यांना आपण सरसकट ‘जीआर’ म्हणतो त्यांचा इतिहास आहे. विषय रूक्ष वाटेल. पण ज्यांना पुढे अध्यापक व्हायचे आहे आणि ज्यांच्या घरी दर जूनमध्ये फीची जुळवाजुळव चालते, त्यांनी शेवटपर्यंत वाचावा.

महाविद्यालयाच्या फीची पावती आणि निवृत्त प्राध्यापकाचा पेन्शनचा आदेश हे दोन कागद वेगवेगळ्या खिडक्यांवर मिळतात. म्हणून त्यांचा इतिहासही वेगवेगळा सांगितला जातो. माझे म्हणणे असे, की शिकवण्याचा खर्च कोणी उचलायचा या एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत. सरकारने शिक्षकाच्या वेतनाची हमी घेतली, तिथे फी आटोक्यात राहिली आणि पेन्शन शक्य झाले. सरकारने हात काढून घेतला, तिथे फी चढली आणि पेन्शन नाहीसे झाले.

हे तपासायला भिवंडीइतके योग्य गाव दुसरे नाही. यंत्रमागांचे शहर. इथे माग चालवणाऱ्याला मजुरी मिळते ती विणलेल्या कापडाच्या मापाने. महिना पगार, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन हे शब्द बहुतेक कारखान्यांच्या उंबऱ्याबाहेरच थांबतात. भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा कायदा सामान्यतः २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होतो, आणि एका छपराखालचे माग वेगवेगळ्या नावांवर दाखवले की ती संख्या भरत नाही, ही युक्ती या धंद्यात सर्वश्रुत आहे. अशा शहरात १९६६ साली एक महाविद्यालय उभे राहिले. त्याचे पूर्ण नाव पाहा : भिवंडी निजामपूर नगरपालिका महाविद्यालय. आपण सारे त्याला ‘बी.एन.एन.’ म्हणतो आणि त्या आद्याक्षरांत एक नगरपालिका दडली आहे हे विसरतो. चालवणारी संस्था भारतीय समाज उन्नती मंडळ, तिच्याशी पद्मश्री अण्णासाहेब जाधव यांचे नाव जोडलेले, संलग्नता मुंबई विद्यापीठाची. नगर, संस्था, विद्यापीठ आणि त्यांच्यामागे राज्य सरकार. खर्च कोण करणार, हा प्रश्न एका नामफलकातच मांडलेला आहे.

आता थोडे मागे जाऊ.

१९ जुलै १८५४ चा वुडचा खलिता भारतातील विद्यापीठांचा पाया मानला जातो. त्याचा दुसरा वारसा आहे ‘अनुदान’ ही पद्धत : खासगी संस्थेने शाळा काढावी, सरकारने तपासणी करून पैसे द्यावेत. अनुदानाच्या अटींत एक अट अशी, की विद्यार्थ्याकडून काही ना काही फी घेतलीच पाहिजे, मग ती कितीही अल्प असो. फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही, हे त्यामागचे तत्त्वज्ञान. ‘फुकट दिले की पोरांना किंमत नसते’ हे वाक्य आपण आजही ऐकतो. ते इतके जुने आहे.

१८८२ मध्ये हंटर आयोग आला. त्याच्यापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेले निवेदन सर्वांना ठाऊक असते, पण अर्धेच. महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हा त्यांचा आरोप पाठ्यपुस्तकात आहे. प्राथमिक शिक्षकाला किमान १२ रुपये वेतन असावे, मोठ्या गावांत त्याहून अधिक, ही त्यांची मागणी क्वचित सांगितली जाते. आणि तिसरा मुद्दा तर जवळजवळ कोणीच सांगत नाही : सरकारने उच्च शिक्षणातून आपली मदत काढून घ्यावी, असे जोतीराव म्हणाले नाहीत. उलट, देशाचे हित इच्छिणारा कोणीही आज तसे म्हणणार नाही, उपेक्षित राहिलेल्या वर्गाकडेही तितक्याच काळजीने पाहावे एवढीच मागणी आहे, असा त्यांचा आशय होता. ‘उच्च शिक्षणाचा पैसा प्राथमिककडे वळवा’ असे म्हणताना जे फुल्यांचा दाखला देतात, त्यांनी ते निवेदन मुळातून वाचावे. हंटर आयोगाने मात्र सरकारने उच्च शिक्षणातून हळूहळू मागे सरावे आणि ते क्षेत्र खासगी प्रयत्नांवर सोपवावे, अशीच दिशा दाखवली.

त्या खासगी प्रयत्नांचे पुण्यातील रूप म्हणजे १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ चे फर्ग्युसन कॉलेज. टिळक, आगरकर, आपटे, नामजोशी यांच्या या संस्थेत ‘आजीव सदस्य’ ही कल्पना रुजली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी वीस वर्षे महिना ७५ रुपयांवर शिकवण्याचे बंधन घेतले, हे आपण कौतुकाने वाचतो. कौतुक योग्यच आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यातला जमाखर्चही पाहावा : सरकार जो भार उचलत नव्हते, तो शिक्षकाच्या त्यागाने उचलला जात होता. हा त्याग सहज पेलणारा नव्हता. सदस्यांनी संस्थेबाहेर कमाई करावी की नाही, या वादाचा १८९० मध्ये टिळकांच्या राजीनाम्यात मोठा वाटा होता. शिक्षकाने किती स्वस्तात शिकवावे, हा प्रश्न आपल्या दोन थोर पुरुषांच्या मैत्रीवरही ताण आणू शकला, इतका तो खरा होता.

पेन्शन त्या काळी होते, पण सरकारी नोकराला. ब्रिटनमध्ये १८५९ च्या कायद्याने नागरी सेवकांच्या निवृत्तिवेतनाची घडी बसवली होती. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ मध्ये कामगारांसाठी वृद्धत्वाच्या पेन्शनचा कायदा केला. आपल्याकडे एल्फिन्स्टनसारख्या सरकारी कॉलेजातला प्राध्यापक म्हातारपणी निश्चिंत असे. खासगी कॉलेजातल्या प्राध्यापकाची सोय त्याची संस्था करील तेवढीच.

फीच्या इतिहासातील सर्वांत धारदार भाषण १२ मार्च १९२७ चे आहे. मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणाच्या अनुदानावर बोलत होते. त्यांनी सरकारच्याच अहवालातून आकडे काढले : कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी ३६ टक्के फीतून वसूल होतो, हायस्कुलांच्या खर्चापैकी ३१ टक्के, मिडल स्कुलांच्या २६ टक्के. यावर त्यांचा निष्कर्ष असा, की हे शिक्षणाचे व्यापारीकरण आहे, आणि शिक्षण खाते हे ‘जितके द्याल तितके मिळेल’ या न्यायाने चालवायचे खाते नव्हे. ‘व्यापारीकरण’ हा शब्द आपल्याला १९८० नंतरचा वाटतो. तो १९२७ मध्ये, ३६ टक्क्यांवर उच्चारला गेला. आज एखाद्या विनाअनुदानित अभ्यासक्रमात फीचा वाटा किती आहे, याचे उत्तर तुम्हीच द्या.

स्वातंत्र्यानंतर दिशा बदलली. १९४७ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, जिथे पैशाऐवजी श्रम देऊन शिकता येत असे. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना ई.बी.सी. सवलत आली : आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबातील मुलांना, जात न पाहता, फी माफ. तिच्याशी १,२०० रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा कायमची जोडली गेली. ग्रामीण महाराष्ट्रातील पदवीधरांची पहिली मोठी पिढी या तीन अक्षरांवर शिकली, असे मी म्हणेन. तुमच्या घरातल्या आजोबांना विचारा. ‘मी ईबीसीवर शिकलो’ हे वाक्य ऐकू येण्याची शक्यता बरीच आहे.

आणि मग १९६६. भिवंडीत बी.एन.एन. सुरू झाले ते वर्ष. पुढे ४ नोव्हेंबर १९६८ च्या शासन निर्णयाने अनुदानित खासगी माध्यमिक शाळांतील कर्मचाऱ्यांना पेन्शन मिळाले, आणि ते लागू झाले १ एप्रिल १९६६ पासून. गंमत पाहा. भिवंडीतील अनुदानित हायस्कूलचा मास्तर पेन्शनच्या कक्षेत आला. त्याच गावातील नव्या कॉलेजचा प्राध्यापक मात्र बाहेर राहिला. प्राध्यापकाकडे होता अंशदायी भविष्य निर्वाह निधी, म्हणजे सी.पी.एफ. : थोडे त्याचे, थोडे संस्थेचे, निवृत्तीच्या दिवशी एकरकमी हातात, आणि नंतर काही नाही. ती रक्कम मुलीच्या लग्नात किंवा घराच्या स्लॅबमध्ये गेली, की पुढची वीस वर्षे मुलाच्या तोंडाकडे पाहायचे. हायस्कूल आणि कॉलेज यांतील ही दरी सोळा वर्षे टिकली.

आता या थ्रेडच्या केंद्रस्थानी येऊ : १९८२ आणि १९८३.

१९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्यांतून थांबलेले कापड भिवंडीच्या मागांवर वळले आणि हे शहर फुगत गेले. गिरणी कामगाराकडे निदान फंड आणि ग्रॅच्युइटी होती. तेच काम भिवंडीत आले तेव्हा त्या दोन्ही गोष्टी बरोबर आल्या नाहीत. याच वर्षी मार्चमध्ये केंद्राने शिक्षणसंस्थांना भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या कक्षेत आणले. १५ ऑगस्टपासून महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ अमलात आले. ३३ वर्षांच्या सेवेनंतर वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, मृत्यूनंतर कुटुंबाला निवृत्तिवेतन, वर महागाई वाढ : ज्याला आज ‘जुनी पेन्शन’ म्हणतात, ती हीच.

आणि १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकारा खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड. निकालपत्र लिहिले न्या. डी. ए. देसाई यांनी. पेन्शन ही मालकाने खूश होऊन दिलेली बक्षिशी नव्हे. ती केलेल्या सेवेची पुढे ढकललेली मजुरी आहे, आणि केवळ एखादी तारीख रेघ म्हणून ओढून पेन्शनधारकांत दोन जाती पाडता येणार नाहीत, हे त्याचे सार. म्हणून १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन.

या पार्श्वभूमीवर २१ जुलै १९८३ चा शासन निर्णय वाचा. अनुदानित खासगी महाविद्यालयांतील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना पेन्शन व ग्रॅच्युइटी मंजूर. लाभ १ ऑक्टोबर १९८२ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना. सोळा वर्षांची दरी बुजली. प्रयोगशाळेतला परिचर, कार्यालयातला लिपिक, इतिहासाचा प्राध्यापक, सगळ्यांना म्हातारपणाची हमी मिळाली. पण तारखेची रेघ आलीच. ३० सप्टेंबर १९८२ ला निवृत्त झालेला प्राध्यापक आणि १ ऑक्टोबरला निवृत्त झालेला प्राध्यापक यांच्यात एका रात्रीचे अंतर, आणि परिणाम आयुष्यभराचा. शिवाय सी.पी.एफ. सोडून पेन्शन निवडायचे, तर संस्थेचा वाटा व्याजासह सरकारला परत करायचा. नाकारा निकाल या भविष्य निर्वाह निधीवाल्यांना आपोआप लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये कृष्णकुमार खटल्यात स्पष्ट केल्यावर तर ‘तेव्हा पर्याय का दिला नाही’ ही हळहळ अनेक घरांत कायमची राहिली.

१९८३ ची दुसरी घटना अधिक प्रसिद्ध आहे. फेब्रुवारीत वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी अभियांत्रिकी व वैद्यकीय शिक्षणात विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडले गेले. मराठी मुले कर्नाटकात देणग्या भरून शिकतात, तो पैसा आणि त्या जागा इथेच का असू नयेत, हा युक्तिवाद. तो पोकळ नव्हता. जागा वाढल्या, हे खरेच आहे. पण एकाच वर्षी, एकाच मंत्रालयात दोन प्रकारचे महाविद्यालय जन्माला आले : एकात सरकारने पेन्शनपर्यंतची जबाबदारी घेतली, दुसऱ्यात पगाराचीही नाही. माझ्या मते महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणाचा आधुनिक इतिहास १९८३ पासून मोजावा. ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द रूढ झाला तोही या वाटेनेच.

पुढची न्यायालयीन कहाणी भरभर सांगतो, कारण तिच्यावर अनेकांनी लिहिले आहे. कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा राज्याचा कायदा १९८७ चा. १९९३ चा उन्नीकृष्णन निकाल, त्यातून ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’. २००२ मध्ये टी.एम.ए. पै निकालाने ती चौकट मोडली, २००३ मध्ये फी ठरवणाऱ्या समित्या आल्या, २००५ मध्ये पुण्याच्या पी. ए. इनामदारांच्या नावाचा निकाल आला, आणि २०१५ मध्ये राज्याने फी नियमनाचा स्वतंत्र कायदा केला. या साऱ्या निकालांत केंद्रस्थानी विद्यार्थी आणि संस्थाचालक आहेत. शिकवणारा माणूस फीच्या आकारणीतला खर्चाचा एक रकाना म्हणून येतो, तेवढाच.

विनाअनुदान हे केवळ व्यावसायिक शिक्षणापुरते राहिले नाही. नव्या शतकाच्या तोंडावर मुंबई विद्यापीठात बी.एम.एस.सारखे स्वयंअर्थसाहाय्यित अभ्यासक्रम आले आणि २००१ पासून नव्या साध्या कला-वाणिज्य महाविद्यालयांनाही ‘कायम विनाअनुदानित’ ही अट लागली. आज एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर, दोन वर्ग समोरासमोर भरतात : एकाची फी शासनाने ठरवलेली, दुसऱ्याची कितीतरी पट, एकाचा शिक्षक सेवापुस्तक असलेला, दुसऱ्याचा करारावरचा.

या दुसऱ्या शिक्षकाला ग्रॅच्युइटीसाठी काय करावे लागले ते पाहण्यासारखे आहे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येत शिक्षक बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये सांगितले. म्हणजे शाळेतल्या शिपायाला ग्रॅच्युइटी, शिक्षकाला नाही. संसदेने २००९ मध्ये व्याख्या बदलली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. खासगी शाळांनी तिला आव्हान दिले. ते फेटाळले गेले २९ ऑगस्ट २०२२ रोजी. एक व्याख्या दुरुस्त होऊन टिकायला अठरा वर्षे.

आता ३१ ऑक्टोबर २००५. राज्य शासनाने ठरवले, की १ नोव्हेंबर २००५ पासून नियुक्त होणाऱ्यांना १९८२ चे नियम लागू नाहीत. त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान योजना. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के कर्मचाऱ्याचे, तितकेच सरकारचे. केंद्राने हेच १ जानेवारी २००४ पासून केले होते. अनुदानित शाळा-महाविद्यालयेही या निर्णयात आली. १९८३ मध्ये प्राध्यापक ज्या सी.पी.एफ.मधून बाहेर पडला होता, त्याचाच धाकटा भाऊ बावीस वर्षांनी दारात उभा राहिला. फरक एवढाच, की आता रक्कम बाजारावरही अवलंबून. आणि पुन्हा तारखेची रेघ. जाहिरात आधीची पण रुजू नंतर, त्याचे काय? नियुक्ती आधीची पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळाले, त्याचे काय? २९ नोव्हेंबर २०१० च्या शासन निर्णयाने या दुसऱ्या गटाला नव्या योजनेत ढकलले, आणि न्यायालयांच्या फेऱ्या सुरू झाल्या.

‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा तुम्ही १४ मार्च २०२३ ला ऐकली असेल. राज्यभरातील सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. २० मार्चला संप मागे घेतला गेला, समिती नेमली गेली. या लोकांना जुन्या आठवणीही होत्या : १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप महाराष्ट्रातील कर्मचारी आजही दाखल्यासारखा सांगतात.

मग २०२४. २ फेब्रुवारीच्या शासन निर्णयाने, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती, त्या राज्य कर्मचाऱ्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. ८ जुलैच्या शासन निर्णयाने, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली. आधी ती निम्मी होती. अतिरिक्त भार ९०६ कोटी रुपयांचा सांगितला गेला. २५ ऑगस्टला राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत पेन्शन योजना, यू.पी.एस., स्वीकारली. नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. पण १९८३ प्रमाणेच एकाच वर्षी फी आणि पेन्शन दोन्हींचे जीआर निघावेत, हा मला योगायोग वाटत नाही. तिजोरी एकच आहे.

भिवंडीतील मुलीसाठी ८ जुलैच्या निर्णयाचे मोल मोठे आहे. या शहरात महिला महाविद्यालय यायला १९८० च्या दशकाची अखेर उजाडली. मागावर काम करणाऱ्या बापाचे उत्पन्न ८ लाखांच्या जवळपासही नसते. अडचण असते ती उत्पन्नाचा दाखला काढण्याची, कारण मापावर मजुरी घेणाऱ्याकडे पगारपत्रक कुठून येणार? शिवाय माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. बाकीची शुल्के, वसतिगृह, प्रवास हे रकाने तसेच राहतात.

आणि शिकवणारे? माझ्या पदव्युत्तर वर्गाला शिकवणाऱ्यांत बरेच जण ‘तासिका तत्त्वा’वर होते. घड्याळी तास भरला तर मानधन. दिवाळीत, परीक्षांत, उन्हाळ्यात काही नाही. ही नियमित सेवा नसल्यामुळे १९८२ चे नियम त्यांना लागू नाहीत, २००५ ची योजनाही नाही आणि यू.पी.एस. तर नाहीच. भिवंडीच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. मीटरवर कापड, तासावर इतिहास.

यू.पी.एस.मध्ये २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या पेन्शनची हमी आहे. १ नोव्हेंबर २००५ ला रुजू झालेल्या पहिल्या तुकडीची पंचवीस वर्षे २०३० च्या ऑक्टोबरअखेर भरतील. त्याच २००५ साली तासिका तत्त्वावर पहिला तास घेतलेल्या आणि अजूनही त्याच तत्त्वावर असलेल्या अध्यापकाचीही पंचवीस वर्षे त्याच सुमारास भरतील. मात्र त्याच्याकडे ती नोंदवलेली कोणतीही सेवापुस्तिका नसेल.